उशीचं बाळंतपण

पिठाचा थर सगळीकडे सारखा बसत नाही. गिरणीत थोडा वेळ उभं राहिलं की हे लक्षात येतं. पट्ट्याजवळच्या वस्तूंवर तो टिकत नाही, वाऱ्याने उडून जातो. खिडकीच्या गजांवर फक्त वरच्या अंगाला बसतो. आणि ज्या वस्तूला दिवसभर कुणाचा हात लागत नाही, तिच्यावर तो मऊ, सलग, जवळजवळ देखणा होऊन बसतो. स्विचबोर्डाशेजारी खिळ्याला एक पत्र्याचा डबा अडकवलेला होता आणि त्यात गिरणीवाल्या आबांचा मोबाइल उभा ठेवलेला असे. त्याच्या बटणांवरचा थर सलग होता. हिरव्या बटणावरही.

सिस्टरने ते पाहिलं. सकाळी दवाखान्यातून निघण्याआधी तिने मुद्दामच या नंबरवर फोन लावला होता. रिंग पूर्ण वाजून बंद झाली होती. गावातल्या गरोदर बायका, लहान मुलांच्या लशी, ताप-खोकला हे सगळं तिच्याकडे होतं. तिचं नाव काय हे विचारलं असतं तर निम्म्या गावाला सांगता आलं नसतं. ती सिस्टर होती, एवढं पुरत होतं.

गिरणी चालू असताना बोलण्यात अर्थ नसे. ती दाराजवळच्या पोत्यावर बसून राहिली. आबांचं सगळं लक्ष वरच्या पत्र्याच्या नरसाळ्याकडे होतं. दाणे संपले आणि दगड रिकामे फिरले, तर दगडाला दगड घासतो, पिठात कच येते, कधी ठिणगीही उडते. म्हणून दळण चालू असेपर्यंत आबा जागचे हलत नसत, आणि दारात कुणी आलं तर मान न वळवता डावा हात वर करत. पंजा उघडा, बोटं जुळलेली. सगळं गाव तो हात ओळखत होतं. हात दिसला की डबा खाली ठेवायचा आणि आपली पाळी येईपर्यंत गप्प उभं राहायचं.

दळण संपलं तसा त्यांनी खटका ओढला. पट्टा फडफडत मंदावला आणि मग एकदम इतकी शांतता झाली की बाहेरच्या चिमण्या भांडतायत असं वाटावं.

"बोला सिस्टर. हातात डबा नाही, म्हणजे आज भाषण असणार."

"भाषण नाही. तोच प्रश्न आहे."

"मग उत्तरही तेच." आबा हसले. त्यांच्या भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे हसताना ते एखाद्या म्हाताऱ्याची नक्कल करणाऱ्या तरुणासारखे दिसत. "बघू."

प्रश्न साधा होता. आबांच्या सुनेला आठवा महिना सरत आला होता. मुलगा दूरच्या कारखान्यात कामाला, महिन्यातून एकदा घरी येणारा. वेळ आली आणि आबा घरात नसले, तर दवाखान्यात निघायचं हे कोण ठरवणार? तिसऱ्या महिन्यात विचारलं तेव्हा आबा म्हणाले होते, अजून खूप अवकाश आहे. पाचव्यात म्हणाले, वेळ आली की बघू. आता नुसतंच बघू उरलं होतं.

"मी काय सातासमुद्रापार राहतो?" त्यांनी अंगावरचं पीठ झटकलं. "हाकेच्या अंतरावर आहे. निरोप धाडायचा, मी हो म्हणणार, की निघायचं. मी कधी नको म्हटलंय का, सांगा बरं."

कधीच म्हटलं नव्हतं. अडचण नेमकी तीच होती. नको म्हणणाऱ्या माणसांशी सिस्टरला बोलता येत असे. नको म्हणणाऱ्या सासवा, आमच्या वेळी कुठे होते दवाखाने म्हणणारे सासरे, सुई पाहून पळणारे नवरे, या सगळ्यांना तिने कधी गोडीत, कधी दमात घेऊन वळवलं होतं. आबांना वळवायचं कशाकडे? जीपवाल्याला टाकी भरलेली ठेव म्हणून त्यांनीच बजावलं होतं. सुनेच्या तपासणीचा दिवस ते कधी विसरत नसत. आदल्या संध्याकाळी बायकोला म्हणत, तिला सांग, उद्या सिस्टरकडे जायचंय. सुनेशी ते थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, पण सुनेला सांगायचं ते बायकोमार्फत, अशी त्या घराची घडी होती. त्यांचा होकार तयारच असे. फक्त तो दर वेळी इथे येऊन, या गिरणीतून घरी न्यावा लागत असे.

आणि गेल्या खेपेला तो वेळेत घरी पोचला नव्हता.

तेव्हाही शेवटचेच दिवस होते. सकाळी सुनेच्या अंगावरून लाल जायला लागलं. कळा नाहीत, दुखणं नाही, नुसतं रक्त. हे थांबून बघायचं दुखणं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सिस्टरच्या चित्रांच्या फळीवर ते लाल रंगात काढलेलं होतं आणि सासूने, म्हणजे काकूंनी, ती फळी दोन बैठकांत पाहिली होती. जीपवाला घरी होता. पिशवी भरलेली होती. मुलाला फोन लागला, तो म्हणाला, आबांना विचारलं का? काकूंनी आबांना फोन लावला, तो वाजत राहिला. मग शेजारीण गिरणीकडे गेली. ती परत आली आबांना घेऊनच, पण तोवर बराच वेळ गेला होता. सून वाचली. बाळ वाचलं नाही.

नंतर सिस्टर त्या घरी जाऊन बसली होती. हातात कागद नव्हता, कुणाला जाब विचारायचा नव्हता, तिला फक्त क्रम समजून घ्यायचा होता. आधी काय झालं, मग काय झालं. शेजारणीला तिने हळूच विचारलं, गिरणीवर उशीर कशाने झाला? ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "रांगेत सगळे पुरुष. त्यांच्यासमोर कसं म्हणायचं, सुनेचं रक्त जातंय म्हणून?"

सिस्टरला ते पटलं. इतकं पटलं, की त्यानंतरची तिची बरीचशी मेहनत या एका गोष्टीवर झाली. चारचौघांत उच्चारता येईल असं एक वाक्य तिने शोधलं आणि घराघरांत शिकवलं. कारण सांगायचं नाही, लाजायचं नाही, फक्त म्हणायचं, "सिस्टरनं बोलावलंय." एवढं ऐकलं की समोरच्याने काही न विचारता उठायचं. वाक्य चांगलं होतं. बायकांना आवडलं. एकदोघींनी नको असलेल्या पाहुण्यांपासून सुटका करून घ्यायलाही ते वापरलं, अशी वदंता होती.

बैठकाही चालूच होत्या. फळीवरची चित्रं दाखवायची, बायकांनी ओळखायची. डोकं फार दुखतंय आणि डोळ्यांपुढे काजवे दिसतायत, काय करायचं? निघायचं. तोंड सुजलंय? निघायचं. बाळ हलत नाही? निघायचं. पाढे म्हणावेत तसं सगळ्या एका सुरात म्हणत. सर्वांत मोठा आवाज त्याच शेजारणीचा. तिला गावात रेडिओ म्हणत, कारण ती एकदा सुरू झाली की बंद करायचं बटण कुणाला सापडत नसे. सिस्टर आजारी पडली तर बैठक रेडिओ घेईल, असं जीपवाला म्हणायचा, फक्त बैठक संपवायला सिस्टरला यावं लागेल.

पण आबांची सून या सुरात सूर मिळवत नसे. ती मागे बसायची. मागच्या तपासणीला सिस्टर तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत होती, तेव्हा ती खिडकीकडे बघत म्हणाली, "सिस्टर, मला चित्रं पाठ आहेत. त्या दिवशीही पाठ होती. मी चपला घालून पायरीवर बसले होते."

पट्ट्यातली हवा सुसकारत निघून गेली. सिस्टरने आकडा वाचला, तो चांगला होता. पण चपला घालून पायरीवर बसलेली बाई त्यानंतर तिच्या डोक्यातून गेली नाही. माहिती त्या पायरीपर्यंत पोचली होती. तिथून पुढे काय हवं होतं?

उत्तर तिला भलतीकडेच मिळालं. वरच्या कार्यालयात प्रशिक्षणाला गेली असताना तिथे आग लागल्याची तालीम झाली. घंटा वाजली. जिना कुठे आहे ते प्रत्येकाला ठाऊक होतं, रोज त्याच जिन्याने सगळे वर येत. तरी कुणी उठलं नाही. सगळे मोठ्या साहेबांच्या टेबलाकडे बघत राहिले. साहेब फोनवर होते. त्यांचं बोलणं संपलं, ते उठले, मग सगळं कार्यालय उठलं. एक कारकून तर अर्ध्या जिन्यातून डबा घ्यायला परत गेला. सिस्टर तेव्हा इतरांबरोबर हसली. परतीच्या गाडीत मात्र तिचं हसू हळूहळू मावळलं.

पुढच्या बैठकीत तिने चित्रांची फळी काढलीच नाही. म्हणाली, आपण पाठ पुष्कळ केलं, आता करून बघू. खोटं खोटं. गिरणीवाल्यांच्या घरातून खरंच निघायचं, जीपमध्ये बसायचं, डांबरी रस्ता लागेपर्यंत जायचं आणि परत यायचं. कुठे अडकतो ते बघायचं.

बायका आधी हसल्या, मग काकूंकडे बघायला लागल्या. काकू ठाम होत्या. खोटंखोटंसुद्धा आमच्या सुनेने झोपायचं नाही. झालं ते एकदा झालं.

"मी झोपते की," रेडिओ म्हणाली. "दोन झालीत मला. तिसरं उशीचं. नवऱ्याला विचारायलाही नको."

तालीम या आठवड्यात कधीतरी होईल एवढं आबांना सांगितलं होतं, दिवस सांगितला नव्हता. त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. "करा, करा. उशीला जुळं झालं तर मला आधी कळवा."

ठरल्या दिवशी सकाळची कामं आवरल्यावर रेडिओ आबांच्या घरी आली. पुढच्या खोलीत पलंग होता, त्यावर आडवी झाली, पोटावर उशी ठेवून वरून चादर गुंडाळली आणि लगेच गाठ सैल करायला लावली, कारण श्वास कोंडतोय म्हणाली. सिस्टरने मुद्दाम लाल रंगाचं चित्र टाळलं होतं. त्या घरात ते परत उभं करायचं नव्हतं. आज दुखणं डोक्याचं होतं.

"आई गं, डोकं," रेडिओ म्हणाली. "काजवे दिसतायत मला काजवे. हिरवे, पिवळे. एक तर थेट तुमच्या भिंतीवरच्या घड्याळावर बसलाय. काकू, ते घड्याळ मागे आहे का हो?"

"तू आजारी आहेस," काकू म्हणाल्या. "गप्प पड."

"आजारी माणसाने बोलायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एक हात चौकटीवर, एक पोटावर. ती हसत होती असं सिस्टरला वाटलं, निदान ओठ तसे होते. पिशवी तिनेच आणून दिली. त्यात सगळं होतं. जीपवाल्याला निरोप गेला आणि तो इतक्या तत्परतेने आला की काकूंना शंका आली, हा कोपऱ्यावरच दबा धरून बसला होता. त्याने जीप मागे घेऊन दाराला लावली, मागची सीट झटकली, आणि पेशंट चालत येणार की उचलायचा, असं विचारलं. रेडिओ म्हणाली, तुझ्या कमरेला झेपेल का ते आधी सिस्टरना विचार.

सगळं कसं सुरळीत चाललं होतं. मग सिस्टरने विचारलं, "चला, आता निघायचं का?"

कुणी हललं नाही.

काकूंनी मुलाला फोन लावला. तो कामावर होता, पण तालमीचं त्याला माहीत होतं, त्यामुळे त्यानेही आपलं काम चोख केलं. म्हणाला, "हो हो, न्या ना. आबांना विचारलं ना?" काकूंनी आबांचा नंबर लावला. खोलीतल्या सगळ्यांना ती रिंग ऐकू येत होती. सिस्टरच्या डोळ्यांपुढे पिठाचा तो सलग थर आला.

"मी जाऊन येते," काकू म्हणाल्या आणि पायांत चपला सरकवल्या. त्यांच्या हालचालीत खोटं काही नव्हतं. सिस्टर त्यांच्या मागून निघाली, थोडं अंतर ठेवून. तिला मदत करायची नव्हती, फक्त बघायचं होतं.

गिरणीकडे जाणारी गल्ली अरुंद होती, दोन्हीकडे मागच्या दारांच्या पायऱ्या, कुठे वाळत घातलेले कपडे, कुठे राखेने घासलेली भांडी उपडी घातलेली. काकू भराभर चालत होत्या. चालताना त्यांचे ओठ हलत होते. त्या वाक्य पाठ करत होत्या. सिस्टरनं बोलावलंय, सिस्टरनं बोलावलंय. गिरणीची घरघर वळणापासूनच ऐकू यायला लागली आणि प्रत्येक पावलाबरोबर वाढत गेली. दारात डबे घेऊन काही पुरुष उभे होते. काकूंना पाहून ते बाजूला झाले.

काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांनी तोंड उघडलं.

आबांनी मान न वळवता डावा हात वर केला. पंजा उघडा, बोटं जुळलेली.

काकूंचं तोंड मिटलं. त्या एक पाऊल मागे सरकल्या, दाराच्या कडेला उभ्या राहिल्या आणि हातांची घडी घातली. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता ना घाई. इतक्या वर्षांत हजारदा केलेली गोष्ट अंग आपोआप करतं, तसं ते झालं होतं. जवळ उभ्या असलेल्या एका माणसाने त्यांना विचारलं, दळण कुठाय? त्यांनी मान हलवली.

सिस्टर गल्लीच्या कडेला उभी होती. लाजेचा प्रश्न नव्हताच. किंवा असला तरी तो नंतरचा होता. डोकं दुखतंय हे कुणासमोरही म्हणता येतं आणि काकूंच्या ओठांवर तर तयार वाक्य होतं, तिनेच शिकवलेलं, स्वच्छ, चारचौघांत चालणारं. ते त्या हातापाशी येऊन थांबलं. म्हणजे इतके दिवस ती भलत्याच दाराचं कुलूप उघडत बसली होती. तिला पुढे होऊन ओरडावंसं वाटलं, पण ती थांबली. आज अडकायलाच तर सगळे निघाले होते.

दळण संपायला जितका वेळ लागतो तितका लागला. आबांनी खटका ओढला, पट्टा मंदावला. पिठाने भरलेला डबा ज्याचा त्याला देऊन ते वळले, आणि बायको दिसली.

"अगं, तू?" मग त्यांना मागे सिस्टर दिसली आणि ते हसले. "अच्छा, आज होय. बोला, काय निरोप?"

"सिस्टरनं बोलावलंय," काकू म्हणाल्या.

"छान. चला, निघूया. झालो मी तयार. बघा सिस्टर, एका शब्दावर." ते हात पुसायला लागले. मग काहीतरी खटकलं असावं. "कधी आलीस तू?"

"मघाच."

"मग आल्या आल्या बोलली का नाहीस?"

"तुम्ही हात केलात," काकू म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही. पाणी कुठे ठेवलंय हे सांगावं तसं.

आबांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. दारातल्या पुरुषांपैकी कुणी खोकलं. आबा काही तरी गमतीचं बोलणार असं वाटलं, त्यांचं तोंड तसं झालंही. पण त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो खाली होता, बोटांच्या रेघांमध्ये पीठ बसलेलं. मग त्यांनी रांगेतल्या माणसांना सांगितलं, आज थोडा उशीर होईल, आणि गिरणीचं दार ओढून घेतलं.

सगळे घरी निघाले. आबा पुढे होते. ते कधी एवढे हळू चालत नसत.

घरात रेडिओ पलंगावर उठून बसली होती, उशी मांडीवर घेऊन, आणि काहीतरी चघळत होती. जीपवाला दाराच्या चौकटीला टेकून तिचं ऐकत होता. त्यांना पाहताच ती लगबगीने आडवी झाली.

"आलात का?" ती डोळे मिटून म्हणाली. "फार उशीर केलात. आता मी कसली राहते. जीपवाल्याला सांगून ठेवलंय सगळं, माझी चांगली चादर धाकटीला..."

तिने एक डोळा उघडला आणि आबांचा चेहरा पाहिला. वाक्य तिथेच राहिलं.

आबा पलंगाजवळच्या स्टुलावर बसले. त्यांनी पाणी मागितलं नाही, टोपी काढली नाही. त्यांचे हात गुडघ्यांवर होते.

"त्या दिवशी गिरणीवर तू आली होतीस," ते रेडिओला म्हणाले.

"हो आबा."

"लगेच बोलली नव्हतीस. मला वाटलं, तू आत्ताच आलीस." ते थांबले. "मी हात केला होता का गं?"

रेडिओ उठून बसली. चादरीची गाठ सुटली, उशी घसरून पलंगाखाली पडली आणि ती कुणी उचलली नाही. रेडिओने सिस्टरकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. गावात कुठे काय झालं, कोण कुणाला काय म्हणालं, कुठल्या म्हशीने किती दूध दिलं, हे सगळं न विचारता सांगणारी ती बाई. खोलीत घड्याळाचा आवाज येत होता. ती काही बोलली नाही.

आबांनी मान हलवली, दोनदा, सावकाश. त्यांना उत्तर मिळालं होतं.

सिस्टरला वाटलं, आता आपण काही बोलायला हवं. कुणाचा दोष नव्हता, दगड रिकामे फिरू द्यायचे नसतात, ते बाळ कदाचित तसंही वाचलं नसतं. यातलं सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही या घटकेला कामाचं नव्हतं. शिवाय बाळंतपणाला दिवस थोडे राहिले होते. पण निघायचं कोण ठरवणार, हे तिचं पुष्कळदा विचारून झालं होतं, आता तो प्रश्न खोलीतच होता.

"तुम्ही मला सांगितलं का नाही कुणी?" आबांनी विचारलं. आवाज शांत होता.

"काय सांगायचं?" काकू म्हणाल्या. "तुमचं काम ते. सगळ्यांनाच हात करता तुम्ही. मला कुठे त्यात काही वाटलं. आज पण नाही वाटलं. तुम्ही विचारलंत तेव्हा वाटलं."

जीपवाला हळूच बाहेर जाऊन जीपच्या पायरीवर बसला. सिस्टर भिंतीशी उभी होती. स्वयंपाकघराच्या दारातून सून आता बाहेर आली होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण तिच्या पायांत चपला होत्या. कधी घातल्या होत्या कुणास ठाऊक. ती खाली वाकू शकत नव्हती, म्हणून तिने पायाने उशी पलंगाखालून पुढे ओढली आणि काकूंनी ती उचलून झटकली.

आबांनी त्या चपलांकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग ते बायकोकडे वळले, नेहमीसारखे.

"तिला सांग," ते म्हणाले आणि थांबले.

काकू सुनेकडे वळायच्या बेतात होत्या. आबांनी नकळत डावा हात वर केला, तो अर्ध्यावरच त्यांच्या ध्यानात आला, आणि त्यांनी तो खाली घेऊन दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मग ते स्टुलावरून उठले. सुनेशी बोलण्याची त्यांना सवय नव्हती. नजर कुठे ठेवायची ते त्यांना समजेना. शेवटी त्यांनी ती तिच्या चेहऱ्यावरच ठेवली.

"पोरी," ते म्हणाले, "मला विचारायला कुणी थांबायचं नाही. मी घरात असलो तरी नाही. तू म्हणालीस निघायचं, की निघायचं."